बर्फ वितळतो कोठे, पाणी चढते कोठे?

रेल्वे स्थानकावरील पिवळी पाटी आपण सर्वांनीच पाहिली आहे. गावाच्या नावाखाली लहान अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपले बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसले आहे. असा आकडा वाचताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की, बाकी काहीही बदलो, समुद्र मात्र जेथल्या तेथे राहणार.

वस्तुतः समुद्र क्षणभरही एका जागी नसतो. भरती-ओहोटीने तो दिवसातून दोनदा वरखाली होतो. म्हणून बंदरांत भरतीमापक यंत्रे बसवून वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढतात आणि तिलाच समुद्रसपाटी म्हणतात. १९०९ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने देशभरच्या उंचीमापनाचा जो पाया निश्चित केला, तो मुंबई, कारवार, मद्रास यांसारख्या नऊ बंदरांच्या नोंदींवरून. त्यानंतर हा पायाच हळूहळू वर सरकत गेला. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने, म्हणजे जेमतेम एक वीतभर, वाढली.

‘वीतभर पाण्याने साडेसातशे मीटरवरच्या माणसाचे काय बिघडणार?’ असे माझ्या एका वर्गमित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने त्याचे उत्तर मला जसे समजले, तसे वाचकांपुढे ठेवीत आहे.

दोन पेल्यांचा प्रयोग

ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळतो म्हणून समुद्र चढतो, हे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. मी तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केला आणि त्याला तासाभरापेक्षा अधिक वेळ लागला नाही.

दोन सारखे काचेचे पेले घ्यावेत. पहिल्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरून बर्फाचे तीन-चार खडे तरंगत सोडावेत. दुसऱ्यात एक उभट दगड असा ठेवावा की, त्याचे टोक पाण्याबाहेर राहील, आणि तेवढेच खडे त्या टोकावर ठेवावेत. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीशी शाईने रेघ ओढावी आणि बर्फ वितळेपर्यंत वाट पाहावी. पहिल्या पेल्यात पाणी रेघेवरच राहते. दुसऱ्या पेल्यात ते रेघेच्या वर चढते.

याचे कारण आर्किमिडीजने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी अगोदरच बाजूला सारून बसलेली असते. तरंगता बर्फ वितळला, तर त्याचे पाणी त्याने अडविलेल्या जागेतच मावते. दगडावरचा बर्फ मात्र पाण्याच्या बाहेर असतो, तो वितळला की नवे पाणी पेल्यात येते.

पृथ्वीवर हे दोन्ही पेले आहेत. उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ समुद्रावर तरंगतो. तो पहिला पेला. तो नाहीसा झाल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. समुद्र खारा आणि बर्फ गोडा असल्याने पडणारा फरक अगदीच नगण्य आहे. पण म्हणून त्याचे वितळणे निरुपद्रवी ठरत नाही. पांढरा बर्फ सूर्याचे बरेचसे ऊन परत आकाशात पाठवितो, तर काळसर पाणी ते शोषून घेते. बर्फ हटला की पाणी तापते, पाणी तापले की आणखी बर्फ हटतो आणि हे चक्र चालू राहते. दुसरा पेला म्हणजे ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि जगभरच्या उंच पर्वतांवरील हिमनद्या.

नदीसारखा वाहणारा बर्फ

हिमनदी हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडातही आहे. दोन्ही भाषांनी त्याला नदी म्हणावे, हे योग्यच झाले. उंचावर पडलेला हिम वर्षानुवर्षे साचतो, वरच्या थरांच्या वजनाने खालचा थर दाबला जाऊन घट्ट बर्फ बनतो आणि त्याची जाडी पुरेशी झाली की, तो स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकू लागतो. हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही, परंतु ते थांबले की हिमनदी मेली असे समजावे.

हिमनदीचा कारभार एखाद्या घरच्या जमाखर्चासारखा असतो. हिवाळ्यातील हिम ही जमा, उन्हाळ्यातील वितळणे हा खर्च. खर्च जमेहून वर्षानुवर्षे अधिक राहिला, तर कितीही मोठे घर बसते. आइसलँडमध्ये ओक नावाच्या पर्वतावरील हिमनदीचे असेच झाले. बर्फ इतका पातळ झाला की तो सरकेनासा झाला. २०१४ साली तेथील हिमशास्त्रज्ञाने ती हिमनदी राहिली नसल्याचे जाहीर केले आणि २०१९ साली त्या जागी लोकांनी तिची स्मरणपट्टिका बसविली. माणसांसाठी स्मारके आपण बांधतोच. बर्फासाठी ते बांधण्याची वेळ आली, हे या शतकाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

हा जमिनीवरचा बर्फ किती आहे, हे पाहू. जगातील पर्वतांवरच्या सर्व हिमनद्या वितळल्या, तर समुद्र सुमारे ३२ सेंटीमीटर चढेल. ग्रीनलंडवरील बर्फ पूर्ण वितळला, तर ७ मीटरहून अधिक आणि अंटार्क्टिकावरील सगळा वितळला, तर सुमारे ५८ मीटर. हे एका शतकात घडणार नाही. अशा प्रचंड साठ्याचा लहानसा भाग जरी निसटला तरी काय होईल, याची कल्पना येण्यापुरतेच हे आकडे.

ग्रीनलंडची एक अडचण आपल्याला घाटातल्या प्रवासावरून समजू शकते. थंडीच्या दिवसांत बेळगावाहून निघताना अंगात घातलेला स्वेटर चोर्ला घाट उतरताच काढावा लागतो. साधारणतः एक किलोमीटर खाली आले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उबदार होते. ग्रीनलंडवरचा बर्फ काही ठिकाणी ३ किलोमीटर जाड आहे. तो वितळून त्याचा माथा खाली येऊ लागला की, तो अधिक उबदार हवेत येतो. बर्फ स्वतःच जणू घाट उतरू लागतो, आणि जितका उतरतो तितका वेगाने वितळतो.

पश्चिम अंटार्क्टिकाचे दुखणे वेगळे. तेथील थ्वेट्स नावाच्या अजस्र हिमनदीचा तळ समुद्राच्या पातळीखाली आहे. किनाऱ्याशी येणारे कोमट पाणी तिच्या पोटाखाली शिरून तिला खालून पोखरते. ती एकटी संपूर्ण ढासळली, तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल.

अंटार्क्टिका आपल्यापासून फार दूर, असे वाटणे साहजिक आहे. परंतु भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये निघाली, ती आपल्या शेजारच्या गोव्यातून, आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे पोहोचली. आज वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती या आपल्या तळांचे काम तेथूनच चालते आणि हिमालयातील स्पीती भागात २०१६ साली सुरू झालेले ‘हिमांश’ हे केंद्रही त्याच संस्थेचे. आपल्यापैकी कोणाला या विषयात पुढे अभ्यास करावयाचा असेल, तर ही संस्था चार तासांच्या वाटेवर आहे.

तापलेले पाणी फुगते

बर्फाच्या चर्चेत एक मोठे कारण झाकले जाते. दूध तापले की भांड्यात वर येते, हे आपण पाहतो. त्यात सायीचा व वाफेचा भाग असतो हे खरे, पण साधे पाणीही तापले की किंचित फुगते. पेल्यात हे फुगणे दिसत नाही. हजारो मीटर खोलीच्या समुद्रात मात्र ते मोजता येते. पृथ्वीवर साठत असलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. १९७१ ते २०१८ या काळातील पाणीवाढीचा जवळजवळ निम्मा वाटा या फुगण्याचा आहे. पर्वतांवरील हिमनद्यांचा सुमारे २२ टक्के, ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांचा मिळून सुमारे २० टक्के, आणि उरलेला वाटा जमिनीवरील पाण्याच्या साठ्यांत झालेल्या फेरबदलाचा. या शेवटच्या भागात आपल्या कूपनलिकाही येतात. भूगर्भातून उपसलेले पाणी शेवटी कोणत्या तरी वाटेने समुद्रालाच मिळते. अलीकडच्या वर्षांत बर्फाचा वाटा वाढून तो फुगण्याच्या पुढे गेला आहे, ही चिंतेची बाब होय.

वाढीचा वेगही बदलला आहे. १९०१ ते १९७१ या काळात समुद्र वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर चढत होता. २००६ ते २०१८ या काळात तो वर्षाला ३.७ मिलिमीटर चढला. म्हणजे वेग जवळजवळ तिप्पट झाला.

पूर्वी झाले नव्हते काय?

हवामान पूर्वीही बदलत होते, मग आताच एवढा गवगवा का, असे काही जण म्हणतात. त्यांचे पहिले म्हणणे खरे आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. पण त्या वेळी किनाऱ्यावर मुंबई नव्हती, पणजी नव्हती आणि बंदरेही नव्हती. माणूस आपले बिऱ्हाड उचलून मागे सरकू शकत होता.

दुसरे असे की, आजच्या बदलाचे कारण आपणास ठाऊक आहे. कोळसा व तेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढेल आणि पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनिअस यांनी १८९६ सालीच मांडले होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोलवर प्राचीन हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. ते तपासले असता गेल्या ८ लाख वर्षांत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत ३०० भागांच्या पलीकडे गेले नव्हते, असे दिसते. यंत्रयुगापूर्वी ते सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर आहे. २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत त्या वर्षीचे तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते.

हिमालयाचे गणित निराळे

हिमालयाबद्दल बोलताना दोन चुका टाळल्या पाहिजेत. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात शिरले होते. ते निराधार असल्याचे समितीनेच २०१० साली मान्य केले. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे, ते विधान खोटे ठरले म्हणून हिमालय सुखरूप आहे असे समजणे. काठमांडू येथील पर्वतविकास संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा ऱ्हास त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला.

हिमालयाच्या बर्फाने समुद्र फारसा चढणार नाही, कारण तेथील साठा ध्रुवप्रदेशांच्या मानाने लहान आहे. तेथील प्रश्न नद्यांचा आहे. पाऊस नसतो तेव्हा हिमनदी नदीला पाणी पुरविते. सिंधूच्या खोऱ्याला तर या पाण्याचा फारच आधार आहे. बर्फ वितळताना प्रथम काही दशके पाणी वाढते, सुबत्ता आल्यासारखे वाटते, आणि मग साठा आटला की ते कायमचे घटते. शिवाय मागे हटणाऱ्या हिमनदीच्या तोंडाशी दगडमातीच्या कच्च्या बांधाआड तळी साचतात. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तळे असेच फुटले आणि चुंगथांग येथील तिस्ता नदीवरचे धरण वाहून गेले.

खाजनातले मीठ

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी दिवाडी बेट आहे. माझी मावशी तेथे दिली आहे. त्यांची शेती खाजनातली. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही जमीन पूर्वजांनी मातीचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी मिळविली. पावसाळ्यात तेथे खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते.

या शेतीचा प्राण म्हणजे ‘मानस’. बांधात बसविलेले हे लाकडी दार माणसाने उघडावे लागत नाही. भरती आली की बाहेरचे पाणी दार दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर निघून जाते. म्हणजे शेत कोरडे राहते, ते ओहोटीच्या त्या थोड्या तासांच्या जिवावर. समुद्र वीतभर चढला की भरती तर चढतेच, पण ओहोटीही तितकी खाली जात नाही. दार उघडे राहण्याचे तास कमी होतात. त्यातच मुसळधार पाऊस व उधाण एकाच वेळी आले, तर पाणी आत तुंबते आणि बांधावर दोन्ही बाजूंनी ताण येतो.

मावशीकडच्या शेताचा बांध काही वर्षांपूर्वी फुटला. त्यानंतर तेथे खारे पाणी शिरले ते शिरलेच. आत साचलेले मीठ धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही. जेथे पूर्वी लावणीची गाणी ऐकू येत, तेथे आज खारफुटीची रोपे उगवली आहेत. बांध फुटण्याचे सगळे खापर समुद्रावर फोडणे बरोबर होणार नाही. खेकड्यांची बिळे असतात, डागडुजीची जुनी सामुदायिक पद्धत मोडली आहे, तरुणांनी शेती सोडली आहे. परंतु दुबळ्या बांधाला वीतभर पाणीही जड जाते, हे तेथे उभे राहून पाहिले म्हणजे कळते. मावशीचे यजमान सत्तरीचे आहेत. ‘बांध घालीन, पण किती उंच घालू ते कोणी तरी सांगा,’ असे ते म्हणतात.

त्यांच्या या प्रश्नाला आज उत्तर देता येते, पण ते एका आकड्यात नाही. जगाने धूर वेगाने आवरला, तर १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत समुद्र २८ ते ५५ सेंटीमीटर चढेल, असा अंदाज आहे. धूर वाढतच राहिला, तर तो ६३ सेंटीमीटर ते १ मीटर चढेल. म्हणजे बांध किती उंच घालावा, हे जगातील वीजकेंद्रे, कारखाने व वाहने ठरविणार आहेत. ज्याने त्यांचा लाभ सर्वांत कमी घेतला, तो शेतकरी कुदळ घेऊन उत्तराची वाट पाहत आहे. प्रशांत महासागरातील तुवालू हा देश तर सरासरी समुद्रापासून अवघ्या दोन-तीन मीटर उंच आहे. दरवर्षी तेथील २८० नागरिकांना आपल्या देशात राहू देण्याचा करार ऑस्ट्रेलियाने २०२३ साली केला. अकरा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या देशाला हा आकडा लहान नाही.

बेळगावचे काय?

बेळगाव बुडणार नाही, हे खरे. परंतु आपली भाजी व दूध घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. आपल्या लेकीबाळी तेथे दिलेल्या आहेत. किनारा अडचणीत आला, तर माणसे घाट चढून वर येतील आणि त्यांनी यावयाचे ते आपल्याकडेच. शिवाय जी उष्णता बर्फ वितळविते, तीच आपला पाऊसही बिघडविते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते आणि ते एकदम ओतते. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा व कृष्णा यांच्या पुराने आपल्या जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली होती. एका पुराचा दोष एकाच कारणाला देता येत नाही. पण असे पाऊस वारंवार पडण्याची शक्यता वाढत आहे, हे नाकारताही येत नाही.

या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे समुद्राचा सावकाशपणा. हवा लवकर तापते, बर्फ व खोल पाणी मात्र शेकडो वर्षे मागून येत राहतात. तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी पुढील दोन हजार वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आज दिसणारी वीत हा हिशेबाचा केवळ पहिला हप्ता आहे. पण त्याच सावकाशपणामुळे आपल्याला वेळही मिळतो. अर्धा मीटर शंभर वर्षांत चढला, तर बांध उंच करता येतो, वस्ती मागे घेता येते, खारफुटी राखता येते. तोच पन्नास वर्षांत चढला, तर तेवढी सवड मिळणार नाही.

विद्यार्थी म्हणून आपल्या हाती थोडेच आहे, पण काहीच नाही असे नाही. वीज व इंधन जपून वापरणे हे झालेच. त्याहून मोठे काम म्हणजे, उद्या आपल्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी तहसीलदार, कोणी पंचायतीत निवडून जाईल, तेव्हा नदीकाठच्या सखल जमिनीत भराव घालून घरे बांधण्याचा कागद त्याच्यापुढे सहीसाठी येईल. त्या वेळी त्याने दोन पेल्यांतला फरक आठवून सही करावी किंवा करू नये. आणि या सुट्टीत शक्य असेल त्याने गोव्याला गेल्यावर किनाऱ्याबरोबर एखादे खाजनही पाहून यावे. ओहोटीच्या वेळी मानसाजवळ उभे राहिले, तर शेतातले पाणी दार ढकलून बाहेर जाताना दिसते. ते दार अजून दिवसातून दोनदा उघडते. ते उघडत राहावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा आहे.